हंड्यातली राणी

तंजावरात भुतं पुष्कळ आहेत. मराठी बोलणारं मात्र एकच, आणि ते आमच्या परसात, पाणी तापवायच्या तांब्याच्या हंड्यात तोंड घालून बोलायचं. असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. हसू दे. आधी हसवायचं, हसताना माणसाचं दार उघडं राहतं, मग पुढचं आत सोडायचं. गोष्ट सांगण्याची ही रीत मला जिनं शिकवली, तीच ते भूत. माझी आत्या, अंबुजाबाई, अप्पांची धाकटी बहीण. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते. दोन वेण्या, तेलाचा वास, आणि घरातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी खात्री.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत. अरुंद आणि लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकावं असा ओटा. मग कूडम, आमचं माजघर. मग स्वयंपाकघर, आणि शेवटी परसू. तिथे आड, कढीपत्त्याचं झाड, आणि चुलाण्यावर तो हंडा. एका टोकाला टाउन बसचा भोंगा वाजायचा आणि दुसऱ्या टोकाला वाटणाचा रगडा घरघरायचा. दोन्हींच्या मधे आईची हाक कोणाच्याच कानांपर्यंत पोचायची नाही. सकाळी काफीच्या डिकॉक्शनचा वास, दुपारी पिटल्याचा. ज्या दिवशी उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी असायची त्या दिवशी अप्पा कलेक्टर ऑफिसातून जेवायला दहा मिनिटं लवकर यायचे आणि सायकलची घंटा गल्लीच्या तोंडापासूनच वाजवायला लागायचे.

बाहेर सगळं तमिळ, घरात मराठी. पुढे नवऱ्याच्या बदलीमुळे मी पुण्यात राहिले, देवनागरी लिहायला शिकले, तेव्हा तिथल्या बायका म्हणायच्या, तुमची मराठी जुन्या पेटीतल्या लुगड्यासारखी वाटते. आम्हाला ती तशी कधी वाटली नाही. आमची मराठी म्हणजे आतला खिसा. बाजारात भाजीवालीसमोर उभं राहून, गोड हसत, ‘ही वांगी किडकी आहेत, पुढे चल’ असं खुशाल मोठ्यानं म्हणायचं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या नथीवर बोलायचं. आपलं कोणाला कळत नाही, हा आम्हा सगळ्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. या गोष्टीतलं सगळं घडलं ते त्या विश्वासापायी.

अंबुआत्या पापनाशमला दिलेली. नवऱ्याची भातशेती, मोठं घर. एक दिवस ती एक पिशवी घेऊन आली, ‘चार दिवस राहते’ म्हणाली, आणि राहिलीच. कारण विचारलं की एकच उत्तर: ‘तिथली हवा मानवत नाही.’

‘पापनाशम काय हिमालयात आहे काय, अंबु?’ अप्पा म्हणायचे. ‘गाडीत बसून पान लावेपर्यंत येतं ते. इथली हवा वेगळी, तिथली वेगळी?’

‘हो अण्णा. इथल्या हवेत तुझं घोरणं आहे. तिथल्या हवेत तेवढी मजा नाही.’

सगळे हसायचे आणि विषय बुडायचा. ती होतीच तशी. पोस्टमन, भटजी, माझ्या गणिताच्या बाई, आईची फुगलेली मावशी, सगळ्यांना ती पदराच्या एका फटक्यात उभी करायची. तिचं हसणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. फक्त एक खोड होती. ती दार लावून घ्यायची नाही. निजायची कूडमच्या मधोमध. न्हायला गेली तरी न्हाणीघराचं दार अर्धं उघडं, आणि बाहेर पाटावर पहाऱ्याला मी. ‘बोलत राहा गं, काहीतरी बोलत राहा,’ असं आतून सांगायची. मी इतिहासाचे धडे म्हणून दाखवायची. मला वाटायचं, आत्या विक्षिप्त आहे. विक्षिप्त आत्या असणं मला फार आवडायचं.

आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ, सुरू झाला. त्यात कोणी शुभकार्य करत नाही, लेकींना सासरी धाडत नाहीत. अप्पांनी पापनाशमला निरोप पाठवला: आडी संपल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी येऊन अंबुला घेऊन जा. आत्यानं ते ऐकलं, ताकाचं भांडं खाली ठेवलं, आणि भटजी मुहूर्त कसा काढतात त्याची नक्कल करून दाखवली. आम्ही पोट धरधरून हसलो.

आणि त्याच महिन्यात आमच्या तिण्णैवर तो डायरेक्टर येऊन बसला.

आधी लग्नांचे फोटो काढणारा माणूस. कालव्याकाठच्या एका खेड्यात, नारळीच्या बागेत, तो ‘किणट्रु राणी’ नावाचा सिनेमा काढत होता. किणट्रु राणी म्हणजे विहिरीतली राणी. मराठा राणी, विहिरीत ढकललेली, केस सोडून वर येते आणि एकेकाला ओढून नेते. राणी मराठा, म्हणजे तिचं भूत मराठीच बोलणार, यावर तो अडून बसला होता. आता नटी कोइमतूरची. त्यावर त्यानं काढलेली युक्ती मला आजही थोर वाटते: तिचे केस सगळे तोंडावर सोडून दिले. ओठ दिसले नाहीत की कुठलेही शब्द चालतात. हवा होता फक्त आवाज.

‘राजवाड्यातली मराठी पाहिजे, सार,’ तो तमिळमध्ये अप्पांना म्हणाला. ‘ती तुमच्याच घरात आहे असं सगळं गाव सांगतं.’

अप्पा कारकून होते, राजवाड्यात फक्त ग्रंथालयापर्यंत गेलेले. पण ही स्तुती त्यांना चढली. ‘आमच्या अंबुचा आवाज खणखणीत आहे,’ ते म्हणाले.

मद्रासला जाऊन आवाज भरणं त्याला परवडणारं नव्हतं. म्हणून लग्नात लाउडस्पीकर लावणारा सेल्वम टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या परसात आला. डायरेक्टरला विहिरीचा घुमारा हवा होता. माइक दोरीनं आडात सोडून पाहिला. बेडूकच जास्त आले. तेव्हा आत्यानं पदर खोचला, रिकाम्या हंड्यात तोंड घातलं आणि ‘ऊंऽऽ’ केलं. कढीपत्त्यावरचे कावळे उडाले. सेल्वमनं आपल्या हातांवरचे काटे सगळ्यांना दाखवले.

‘काय बोलू?’ तिनं विचारलं.

‘काहीही बोला, अक्का! कोणाला कळतंय? फक्त लोक घाबरले पाहिजेत.’

मग आमची अंबुआत्या भूत झाली. हंड्यातून, पाताळातून आल्यासारखा, ओला, लांबत जाणारा आवाज: ‘डिकॉक्शन उतरलं काय बऽऽघ... उतरलं काऽऽय...’ मी तोंडात रिबीन कोंबली. ‘डांगराच्या पिठात ओला हात कोणी घातलाऽऽ? कोणीऽऽ? कोणीऽऽ?’ आई भिंतीला टेकून खाली बसली. ‘गच्चीवरचे आपळम कावळ्यानं नेलेऽऽ... एकेकाला बघून घेईऽऽन...’ आपळम म्हणजे आमचे पापड.

डायरेक्टरच्या डोळ्यांत पाणी. ‘सूपर, अक्का, सूपर! आता काय म्हणाली राणी?’

आत्यानं हंड्यातून मान वर काढली. अत्यंत गंभीरपणे म्हणाली, ‘माझा वंश बुडवणाऱ्यांनो, असं म्हणाली.’

शेवटचा प्रसंग उरला. राणी परत विहिरीत बुडते, त्याआधीचा तिचा विलाप. लांब पाहिजे, रडका पाहिजे. आत्या म्हणाली, ‘हे सगळे समोर बसले तर मला हसू येईल. बाहेर घाल यांना.’ आम्ही सगळे तिण्णैवर गेलो. परसात राहिले फक्त ती, हंडा आणि सेल्वम, ज्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. एवढ्या लांब घरातून आम्हाला नुसती गुणगुण ऐकू आली, बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखी. बराच वेळ. ती बाहेर आली तेव्हा कपाळावर हंड्याच्या काठाची काजळी होती.

‘काय बोललीस गं?’

‘आलं ते बोलले,’ म्हणाली, आणि काफी टाकायला गेली.

इथे मला जरा थांबायचंय. परवा माझ्या मुलीनं, निलानं, मला एका नव्या विनोदी सिनेमाला नेलं. गार हवा, गुबगुबीत खुर्च्या. पडद्यावर एक माणूस पडला की ‘टॉय्यं’ असा आवाज येतो, दुसऱ्यानं भुवई उडवली की ‘ढँगढँग’. हसण्याची जागा दाखवायला जणू पोलीस उभा केलाय. सगळं कसं फार हुशार, आपण विनोद करतोय हे ठाऊक असलेलं. हॉल भरलेला, आणि हसू असं आलं नाही. लोक मोबाइलमधलं काहीतरी बघून हसत होते. मी विचार करत बसले, हे कुठे चुकतंय? मला वाटतं, त्यांना कशाचीच भीती वाटत नाही. ‘किणट्रु राणी’त सगळे थरथरत होते. डायरेक्टर थरथरत होता, नटी थंड पाण्यात थरथरत होती, आणि हंड्यात तोंड घातलेली बाई, तिचं तर आत्ता सांगते. खोट्या केसांची, हलत्या कॅमेऱ्याची ती भिकार फिल्म पोरं अजून बघतात, पुन्हा पुन्हा बघतात, कारण तिच्यात कोणीतरी मनापासून ओरडलेलं आहे. हसणाऱ्याला ते कळत नसेल, पण लागतं.

सिनेमा लागला तो आडी संपता संपता, आणि आमची सगळी मराठी घरं एकदम दुपारच्या खेळाला गेली. रेशमी साड्या, मोगरा, डब्यात चकलीसारखे मुरुक्कू. आत्या आली नाही. ‘माझंच भूत मी काय बघायचं? मी पिटलं करून ठेवते,’ म्हणाली.

असा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. राणी पहिल्यांदा विहिरीतून वर आली, केस सोडलेली, आणि तमिळ लोक किंचाळले. आणि आमच्या रांगा हसून फुटल्या. ‘डिकॉक्शन उतरलं काय बऽऽघ!’ पुढच्या रांगेतला मिशाळ माणूस चिडून मागे वळला, ‘जरा भीती नाही का तुम्हाला?’ आमच्या दूरच्या आजीला ठसका लागला. आपळम नेणाऱ्या कावळ्याला राणी शाप देत होती आणि पडद्यावर एक जमीनदार रक्त ओकत होता. अप्पा हातरुमालानं डोळे पुसत होते. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग तो शेवटचा प्रसंग आला. हीरोनं मंतरलेलं लिंबू हातात घेतलं. राणी विहिरीच्या काठावर. आणि हंड्यातून आत्या बोलायला लागली, पण भुताच्या आवाजात नाही. तिच्या रोजच्या आवाजात, हळू.

‘अण्णा, मला तिकडे पाठवू नको. ते मला भाताच्या खोलीत कोंडतात. बाहेरून कडी लावतात. पोती आणि उंदीर. हाक मारली की कोणी येत नाही. अण्णा, मी इथेच राहते रे. कोपऱ्यात राहते. मला तिकडे पाठवू नको.’

एकाच हॉलमध्ये दोन हॉल होते. अर्धा शिट्ट्या मारत होता, हीरोला ‘फेक, फेक’ म्हणत होता. आमच्या अर्ध्यात मुरुक्कूचा आवाजसुद्धा थांबला. कोणी अप्पांकडे पाहिलं नाही. सगळे पडद्याकडे बघत राहिले, फार नेटानं. अप्पांचा रुमाल डोळ्यांपाशी गेलेला, तो तिथेच होता. हीरोनं लिंबू फेकलं. राणी पेटली. दिवे लागले.

घरी जाताना सगळी गल्ली खाली बघत, भराभर चालत होती. आत्यानं पानं मांडली होती. अप्पा जेवले.

‘पिटलं चांगलं झालंय.’

‘सिनेमा कसा होता, अण्णा?’ तिनं विचारलं. वाढताना, मान वर न करता.

अप्पांनी भात कालवला. ‘आवाज स्पष्ट होता,’ म्हणाले.

तिला आम्ही जाणार हे ठाऊक होतं का? बोलताना ती विसरली होती, आपलं कोणाला कळत नाही या जुन्या सवयीनं? की गल्लीतल्या सगळ्या मराठी कानांसमोर, अंधारात, जिथे अण्णाला उठून विषय बदलता येणार नाही अशा जागी, तिनं हे मुद्दामच ठेवलं? मी तिला पुढे कितीदा विचारलं. ती दर वेळी माझ्या गणिताच्या बाई होऊन उत्तर द्यायची.

शुक्रवारी आत्याचे यजमान, अप्पांचे भावोजी, आले. केळ्यांचा घड, फुलं, पांढरी शुभ्र वेष्टी नेसलेला, चांगला गोड बोलणारा माणूस. आत्या कूडममध्ये पिशवी भरून बसली होती. मी तिच्याजवळ, तिचा हात इतका गार की मी माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. तिण्णैवरचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

अप्पांनी हवापाणी विचारलं. पाऊस, कालव्याचं पाणी, भाताचा भाव. मग अगदी त्याच सुरात विचारलं, ‘भावोजी, तुमच्या भाताच्या खोलीला आतून कडी आहे काय?’

‘भाताच्या खोलीला आतून कडी कशाला?’ ते हसले. ‘आत कोण राहतं?’

अप्पा इतका वेळ काही बोलले नाहीत की भावोजींचं हसणं हळूहळू त्यांच्या तोंडावरच वाळलं. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

‘आमच्याकडे सगळ्या खोल्यांना आतून कडी आहे,’ अप्पा म्हणाले. ‘अंबु इथे राहील. केळी घेऊन जा.’

‘रामराव, लोक काय म्हणतील?’

‘लोकांनी ऐकलंय, भावोजी. सगळ्यांनी एकदमच ऐकलंय.’

भावोजी गेले. केळी मात्र राहिली. आत्यानं त्यांचं शिकरण केलं आणि मला वाटीभर जास्त दिलं. ती शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली. बालवाडीत शिकवायला लागली. गल्लीतली पोरं ‘राणी, राणी’ करत मागे लागायची, आणि ती हंड्यातला आवाज काढून त्यांना पळवायची. डिकॉक्शनचा काढायची, आपळमचा काढायची. तो दुसरा आवाज तिनं पुन्हा काढला नाही. दारं मात्र बंद करायला लागली, हळूहळू.

तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडे तिचा आवाज कुठेच नव्हता. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, बोलतेही, पण वर सनईसारखं नादस्वरम घातलंय. हंडा अजून आहे, घर सोडताना मी तो फ्लॅटवर आणला. आता त्यात पाणी तापत नाही, कोपऱ्यात असतो. दुपारी एकटी असले की कधी कधी मी त्यात वाकून बोलते. जो आवाज परत येतो तो माझा नसतो. मी दचकते आणि पुन्हा वाकते.

आणि मग निलानं मला तिच्या कॉलेजात नेलं. ‘किणट्रु राणी’ कोणीतरी नेटवर टाकली होती, आणि पोरांना तिचं वेड लागलं होतं. दुपारचा खेळ, हॉल गच्च, पोरी केस तोंडावर सोडून आलेल्या, प्रत्येकाच्या हातात लिंबू. मराठी कोणालाच येत नव्हती, पण सगळ्यांना राणी पाठ! ‘डिकॉक्शन उतरलं काय बऽऽघ!’ अख्खा हॉल, तमिळ हेलात. मी हसून लोटपोट झाले. हा खरा विनोद, मी मनात म्हटलं, याला टॉय्यं लागत नाही. मग हीरोनं लिंबू वर धरलं. आता काय होणार ते मला उशिरा कळलं. सगळी पोरं, उभी राहून, हसत हसत, एका सुरात म्हणाली: ‘अण्णा, मला तिकडे पाठवू नको.’

निलाही म्हणत होती. तिला मराठी समजते, बोलत नाही. राणीचा आवाज आत्याचा हे तिला ठाऊक होतं, शेवटच्या बोलण्यामागचं मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाक्यात ती थांबली. लिंबू धरलेला हात खाली आला.

‘आई,’ ती माझ्या कानाशी म्हणाली, मराठीत, ‘हे खरं आहे काय?’

मी मानेनंच हो म्हटलं. बाकीच्यांनी लिंबं फेकली, पडद्यावर ती पटपट आपटली. खेळ संपल्यावर निलानं सांगून टाकलं की आईला ही भाषा येते, आणि पोरांनी मला घेरलं. मला तर काय, असा प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं. डिकॉक्शन सांगितलं, डांगर सांगितलं, कावळा करून दाखवला. पोरं जमिनीवर लोळली. मग एका मुलीनं केस मागे सारून विचारलं, ‘आणि शेवटचं, आंटी?’

‘ती भावाला म्हणते, मला इथेच राहू दे. तिकडे मला कोंडतात.’

तिनंच पुन्हा विचारलं, ‘मग भाऊ काय म्हणाला?’

‘राहा म्हणाला.’

पुढच्या खेळाला मी जाणार नव्हते. निलानं ओढून नेलं. तीच गर्दी, तेच केस, तीच लिंबं. शेवटचा प्रसंग आला आणि पोरं या वेळी राणीबरोबर बोलली नाहीत. तिला एकटीला बोलू दिलं. हंड्यातून, इतक्या वर्षांपलीकडून, माझी आत्या सगळं बोलली, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मग हॉलनं उत्तर दिलं, मोडक्यातोडक्या मराठीत, बहुतेक निलानंच शिकवलेल्या:

‘राहा, अंबु, राहा!’

पडद्यावरच्या हीरोनं लिंबू फेकलंच, त्याला काय करणार. हॉलमधून एकही आलं नाही.

घरी आल्यावर निलानं पिशवीभर लिंबं ओट्यावर ओतली. इतक्या लिंबांचं काय करायचं म्हणून मी रसम टाकलं. ती न्हायला गेली. दार लोटल्याचा आवाज आला, मग आतून कडी सरकल्याचा. मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. आत पाणी पडत होतं आणि माझी मुलगी, दार घट्ट लावून, मोठमोठ्यानं डिकॉक्शनचं विचारत होती.